खालच्या आळीचे माघारपत्र

१

शके १९१९, आषाढाचा वद्य पक्ष. इसवी सन १९९७च्या जुलै महिन्याची एकोणतीस तारीख, मंगळवार, सकाळचे अकरा. स्थळ : कृष्णाकाठच्या चिंचघाट नगरपरिषदेचे सभागृह, जिल्हा सांगली. कार्य : शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावरील नागरिकांच्या हरकती ऐकणे.

‘ऐकणे’ हे क्रियापद येथे सरकारी अर्थाने घ्यावे. त्या अर्थी ते कानाशी निगडित नसून शिक्क्याशी निगडित असते. कायद्याने लोकांना विचारण्याची सक्ती केली, तेव्हापासून आपल्या नगरपरिषदांनी विचारण्याची एक अशी पद्धत शोधून काढली आहे, की तीत उत्तराचा उपद्रव होत नाही.

आराखडा असा होता. चिंचघाटला कृष्णा मोठे वळण घेते. अलीकडच्या काठावर गाव, पलीकडच्या काठावर सखल मळईत खालची आळी. अलीकडच्या काठालगतचा शंभर मीटरांचा पट्टा आजवर हिरवा होता; तेथे बांधकामास मनाई होती. नव्या आराखड्यात तो निवासी झाला, आणि तेथील भावी घरांच्या रक्षणासाठी मैलभर लांबीची दगडी भिंत योजली गेली. भिंतीने नाकारलेले पाणी कोठे जाईल, हे नकाशात दाखवलेले नव्हते; नकाशाचा कागद नदीच्या मध्यावर संपत होता. खालच्या आळीला मात्र ते ठाऊक होते. तिच्या एकसष्ट खातेदारांनी हरकती दाखल केल्या होत्या आणि आज त्यांतील चाळीसेक माणसे भिंतीला टेकून उभी होती. खुर्च्या प्रतिष्ठितांसाठी होत्या.

सुनावणीसाठी सांगलीहून आलेल्या नगररचना अधिकारी शरयू दीक्षित यांनी पहिले नाव पुकारले, “बनुबाई गुंडा कोळेकर.”

साठी ओलांडलेली एक उंच बाई पुढे आली. तिचे घर आळीत सर्वांत खाली, नदीपासून सात पायऱ्यांवर. एरवीच्या पुरात पाणी तिसऱ्या पायरीला लागे. ती तोंड उघडणार, तोच मुख्याधिकारी देवतळे उठले.

“मॅडम, याची आवश्यकता उरलेली नाही. खालच्या आळीच्या सर्व, म्हणजे एकसष्टही खातेदारांनी हरकती स्वखुशीने मागे घेतल्या आहेत. एकवीस तारखेला माघारपत्र आवक झालं आहे.”

“आमी?” बनुबाई म्हणाली. “कवा?”

टंकलिखित मजकुराचा एक कागद आणि त्याला जोडलेले सह्या-अंगठ्यांचे तीन कागद टेबलावर आले. बनुबाई वाकली. चौथ्या ओळीतील अंगठ्याच्या ठशावर एक आडवी पांढरी रेघ होती. तिने स्वतःचा डावा अंगठा उजेडात धरला. विळ्याचा जुना वण त्यावर तसाच आडवा होता.

“अंगठा माजाच हाय,” ती म्हणाली. “पर मी न्हाई दिला.”

२

शरयू दीक्षितांनी घड्याळ पाहिले. “अंगठा तुमचा असेल तर कागद तुमचा. मला चार वाजता अहवाल बंद करायचा आहे. तोवर हा कागद खोटा ठरला, तर हरकती ऐकेन. नाही ठरला, तर भिंत मंजुरीला जाईल. तुमच्या बाजूने कोणी बोलणार आहे?”

“हायत की. पंत हायत.”

तिच्याच बोलावण्यावरून आलेले विष्णुपंत आगटे मागच्या रांगेतून उठले. मूळचे वाईचे, छत्तीस वर्षे न्यायालयात नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता सांगलीत व्याकरण वाचत बसणारे हे गृहस्थ बनुबाईला ठाऊक असण्याचे कारण एवढेच, की तिचा वाटणीचा दावा एकोणीस वर्षे चालला आणि त्या काळात पुढची तारीख खरी सांगणारा तो एकच मनुष्य निघाला. सज्जनपणाची आपल्याकडील इयत्ता इतकी खाली आली आहे.

व्हरांड्यात येताच विष्णुपंतांनी तिला फैलावर घेतले. “कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता?”

“दिला हुता. हरकतीसंगं यादी जोडायची हाय म्हनले रांजणे सर. वर नावं टाईप करनार हुते. पुलाच्या अल्याडच्या टोकाला टेबल मांडून बसलं हुतं. समद्यांनी दिलं.”

“एकसष्ट प्रौढ माणसे. एकालाही वाटले नाही, की कोरा कागद हा कागद नसून गळफास असतो?”

“आवं पंत, लिवल्याला कागद तरी आमाला कुठं वाचाय येतोय? आमाला दोनी सारखंच.”

विष्णुपंत सभागृहाकडे वळले. माघारपत्र त्यांनी दोनदा वाचले. मजकूर असा होता :

‘आम्ही खालच्या आळीचे एकसष्ट खातेदार असे लिहून देतो, की दिनांक १९ जुलै रोजी बेंदराच्या सणामुळे आमची औते सुटलेली असल्याने आम्ही सर्वजण दिवसा आळीतील मारुतीच्या पारावर एकत्र जमलो. साधकबाधक विचारान्ती संरक्षक भिंतीचे महत्त्व आम्हांस पटले. सबब आम्ही आमच्या हरकती मागे घेत आहोत.’

शुद्धलेखन निर्दोष होते. विष्णुपंतांनी ती गोष्ट मनाशी नोंदवली आणि तिचे त्यांना दुःख झाले. लबाडी निदान अशुद्ध तरी असावी, असे त्यांचे मत होते.

३

सह्यांचे कोरे कागद हरकतींसोबत तीस जूनला कार्यालयात आले आणि आवक कारकुनाच्या कपाटात पडून राहिले. त्या कपाटाला कुलूप होते आणि त्याच्या किल्ल्या दोन : एक कारकुनाकडे, दुसरी मुख्याधिकाऱ्यांच्या खणात. त्या खणापर्यंत पोचणारी माणसे मोजून चार.

पहिला कारकून बाळासो. हा खालच्याच आळीचा, पूल ओलांडून नोकरीला लागलेला पहिला मनुष्य. त्यामुळे दोन्ही काठांनी त्याला फितूर ठरवून टाकले होते.

“साहेब, एकवीसला सकाळी टपालाच्या ट्रेमध्ये कागद होता. कुणी ठेवला, ठाऊक न्हाई. मी वरचा विषय वाचला, नंबर टाकला, पुढं धाडला.”

“आपल्या आळीचे माघारपत्र, आणि तुम्ही आत काय लिहिले आहे ते वाचलेही नाही?”

“आवक कारकुनानं वाचायचं नसतंय, साहेब. वाचत बसलं तर दिवसाला चार कागद हुत्याल.” मग त्याचा आवाज खाली आला. “बनुआत्या सकाळधरनं माज्याकडं बघत बी न्हाई.”

विष्णुपंतांनी मस्टर मागवले. एकोणीस जुलैला शनिवारी बाळासो दिवसभर कामावर हजर. त्याआधीच्या महिन्यात एकच किरकोळ रजा, वीस जूनची. कारणाच्या रकान्यात ‘सण’.

दुसरे मुख्याधिकारी देवतळे. वऱ्हाडातून चार महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी विष्णुपंतांना चहा दिला आणि लोकसहभागाविषयी एक छापील पुस्तिका दिली. दोन्ही सारखेच कोमट होते.

“आगटेसाहेब, मी सरळ माणूस आहे. कागद आला, मी तो सादर केला. एक शब्द तेवढा अडला होता बरं का. हे बेंदूर म्हणजे काय? शिपायाला विचारलं, तर म्हणाला बैलांचा सण. म्हटलं, बैलांचा सण म्हणजे पोळा, आणि पोळा तर श्रावण अमावास्येला. जुलैत कसा येईल? पण म्हटलं, असेल यांच्याकडे काही.”

“आणि चौकशी नाही केली?”

“सणाची चौकशी करणं माझ्या कर्तव्यसूचीत येत नाही.”

तिसरे नियोजन समितीचे सभापती लालासाहेब. हिरव्या पट्ट्यातील निम्मी जमीन यांची. भिंत झाली तर सर्वांत मोठा लाभ यांचाच, आणि ही गोष्ट लपवण्याइतके सौजन्यही त्यांच्यापाशी नव्हते.

“भित्त व्हायाच पायजे. गाव पुढं जायाला नगं?” त्यांनी मांडीवर थाप मारली. “आन् त्या कागदाचं मला इचारू नगा. शेवटची वळ वाचली, ‘मागे घेत आहोत’, बास झालं. एकोनीस तारखेला मी दिवसभर माज्या रानात हुतो. दहा औतं लावून कोळपणी काढली. बांदावर हुबा राहून. इचारा कुनालाबी.”

“दहा औते? तुमच्या घरचे बैल किती?”

“दोन जोड्या. पर त्या दिशी औतं समदी भाड्याची. माजं रान कुनासाठी थांबत न्हाई.” आणि ते हसले. एखाद्या चतुर मनुष्याने आपली चतुराई न सांगता सुचवावी, तसे ते हसणे होते.

चौथे प्राध्यापक सुमंत रांजणे. मूळचे मेढ्याचे, अकरा वर्षे येथील महाविद्यालयात भूगोल शिकवत होते. ‘कृष्णाकाठ नागरिक मंचा’चे संस्थापक, अध्यक्ष आणि, वार्षिक सभेची हजेरी पाहता, बहुतेक सर्व सभासदही तेच. हरकतींचा मसुदा त्यांनीच केला होता. याच महिन्याच्या आरंभी समितीने त्यांना तज्ज्ञ सदस्य म्हणून घेतले. तेव्हापासून त्यांची खुर्ची पुढच्या रांगेत आली होती.

“मला तर धक्काच बसला आहे,” ते म्हणाले. “संशय घ्यायचा तर तो बाळासोवर घ्यावा लागेल. अशा माणसांना नोकरी मिळाली, की ती आपल्या समाजालाच प्रथम विकतात. हे समाजशास्त्रीय सत्य आहे.”

“एकोणीस तारखेला आपण कोठे होतात?”

“मेढ्याला, आईकडे. बेंदूर होता ना. पहाटेच्या एस.टी.ने गेलो, रविवारी परतलो.”

“खालच्या आळीत आपले जाणे-येणे असेलच.”

“अभ्यास आहे माझा त्या वस्तीचा,” रांजणे म्हणाले. “उंचीच्या रेषांसकट.”

तीन वाजले. विष्णुपंतांच्या हाती चार जबान्या होत्या आणि चौघांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याला तुच्छ मानण्यापलीकडे काही सांगितले नव्हते.

४

व्हरांड्याच्या पायरीवर बसून विष्णुपंत त्या चार जबान्या एखाद्या दुरन्वयी वाक्याप्रमाणे पुन्हा लावू लागले. एका ठिकाणी अन्वय लागेना. बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैल धुतात, शिंगे रंगवतात, मिरवतात. अत्यंत कंजूष शेतकरीही त्या दिवशी औत धरत नाही. मग लालासाहेबांच्या रानात एकोणीस जुलैला दहा औते कोणाची चालली होती? ज्या बैलांचा बेंदूर नव्हता, असे बैल चिंचघाटात कोठून आले?

आणि बाळासोने वीस जूनला कोणता सण केला?

त्यांची मान एकाएकी वर झाली. समोर जांभळीखाली खालच्या आळीची माणसे भाकरी सोडून बसली होती. सकाळपासून हा कागद एका अधिकाऱ्याने सादर केला, एका अधिकाऱ्याने पाहिला, सभापतीने शेवटची ओळ वाचली, कारकुनाने विषय वाचला, आणि त्यांनी स्वतः तो दोनदा वाचून त्याचे शुद्धलेखन तपासले. ज्यांच्या नावाने तो लिहिला होता, त्यांना तो वाचून दाखवावा, असे अद्याप कोणालाही सुचले नव्हते. विष्णुपंतांनाही नाही. छत्तीस वर्षे न्यायदानाच्या शेजारी बसलेल्या मनुष्याला ही गोष्ट लागायला हवी तेवढी लागली.

ते जांभळीखाली गेले. “बनुबाई, या कागदात काय लिहिले आहे ते मी तुम्हांला सांगितलेच नाही. ऐका.”

त्यांनी सावकाश वाचले. ‘बेंदराच्या सणामुळे’ हे शब्द येताच धुळा नावाचा एक म्हातारा भाकरीचा घास हातात धरून खो खो हसू लागला.

“बेंदूर? एकोनीस जुलैला? आवं, आमचा बेंदूर जेठाच्या पुनवंला झाला की!”

“कर्नाटकी बेंदूर,” बनुबाई म्हणाली. “आमचं वाडवडील अथणीकडनं आल्यालं. अल्याडची मानसं आषाढात करत्यात, आमी जेठात. त्यांच्या बेंदराला त्यांचं बैल सुटत्यात, आन् आमचं बैल त्यांच्या रानात भाड्यानं जात्यात. त्या दिशी आमी समदी लालासाबाच्या रानात हुतो, गडी औतामागं आन् बाया खुरपायला. पाच वरसं झाली, दर साली बलिवतोय. सण पाळल्याचं पुन्य बी त्येला, आन् रान बी कोळपून!”

“म्हंजी आमी एकाच वक्ताला पारावर बी हुतो आन् लालासाबाच्या रानात बी हुतो,” धुळा म्हणाला. “लय मोठी मानसं झालो की गड्या आमी!”

घड्याळात पावणेचार झाले होते. विष्णुपंत धावले. व्याकरण वाचणाऱ्या मनुष्याला धावताना चिंचघाटाने प्रथमच पाहिले.

५

“कागद खोटा आहे, हे सिद्ध करायला मला एक वाक्य पुरे,” विष्णुपंत सभागृहात म्हणाले. “तो कोणी लिहिला, हे सांगायला चार लागतील.

“एकसष्ट कष्टकरी माणसे दिवसाढवळ्या एका जागी जमली, हे पटवण्यासाठी लिहिणाऱ्याला सुट्टीचे निमित्त हवे होते. त्याने बेंदूर निवडला. पण खालच्या आळीचा बेंदूर वीस जूनला झाला. एकोणीस जुलैला ही माणसे सभापतींच्याच रानात राबत होती. सभापती, खरे ना?”

लालासाहेबांनी छताकडे पाहिले. नाही म्हणावे तर सकाळचे त्यांचेच शब्द आड येत होते. “हुती,” ते पुटपुटले.

“तेव्हा सभापतींनी हा कागद लिहिला नाही. लिहिण्याची त्यांची इच्छा नव्हती असे मी म्हणत नाही. पण स्वतःच्या बांधावर उभ्या असलेल्या मजुरांना त्याच तासाला पारावर बसवण्याइतके ते विसरभोळे नाहीत. बाळासोने लिहिला नाही. तो त्याच आळीचा, त्याने वीस जूनला बेंदराची रजा घेतली, ती मस्टरवर आहे. मुख्याधिकाऱ्यांनी लिहिला नाही. त्यांना बेंदूर हा शब्दच ठाऊक नव्हता, त्यांच्या बैलाला श्रावणाशिवाय सण नाही. आळीला ओळखणारा मनुष्य चूक करील, तर ती वेळेची करील, सहीची करील. ही चूक फक्त अशा मनुष्याची आहे, ज्याच्या गावी बेंदूर आषाढात होतो आणि म्हणून जगात तो आषाढातच होतो.” ते वळले. “रांजणे सर, मेढ्याला बेंदूर कधी असतो?”

“आषाढात,” रांजणे म्हणाले. “सगळीकडेच आषाढात असतो.”

भिंतीला टेकलेली चाळीस माणसे हसली. रांजण्यांना त्या हसण्याचा अर्थ कळायला काही क्षण लागले. कळल्यावर त्यांनी नाकारले नाही. विद्वानाला खोटे पडण्यापेक्षा अज्ञानी ठरणे अधिक झोंबते. ते चिडून उठले.

“हो, मी लिहिला! मेढ्याला जाण्याच्या आदल्या दिवशी टंकला आणि परतल्यावर सोमवारी सकाळी ट्रेमध्ये सरकवला. आणि योग्य तेच केले. या काठाला भिंत, उद्यान, रस्ता होईल, शहराचे रूप पालटेल. या अडाणी हरकतींमुळे आराखडा आणखी पाच वर्षे रखडला असता.”

“त्या अडाणी हरकतींचा मसुदा आपलाच होता,” विष्णुपंत म्हणाले.

“तेव्हा मी समितीत नव्हतो. आत गेल्यावर प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. लोकसहभाग म्हणजे लोकांना विचारायचे, महाशय; उत्तर तज्ज्ञाने लिहायचे असते.”

“आणि पाणी?” शरयू दीक्षितांनी विचारले. “पलीकडे किती चढेल, काढलेत का?”

“त्यासाठी पलीकडच्या उंचीची मोजणी लागेल. ती उपलब्ध नाही.”

“आपल्या अभ्यासात उंचीच्या रेषा आहेत, असे आपण मला म्हणालात,” विष्णुपंत म्हणाले.

“जुन्या नकाशावरून घेतल्या आहेत.”

“पूल चारशे पावलांचा आहे. अकरा वर्षांत किती वेळा ओलांडलात?”

चाळीस माणसांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर त्यांना ठाऊक होते.

शरयू दीक्षितांनी टोपण काढून लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, “माघारपत्र बनावट. एकसष्ट हरकती कायम. पलीकडच्या काठाची मोजणी झाल्याखेरीज भिंतीचा प्रस्ताव विचारात घेऊ नये. प्राध्यापक रांजणे यांच्याविरुद्ध पोलिसांत फिर्याद द्यावी.” मग त्यांनी वर पाहिले. “मुख्याधिकारी, या मंडळींना खुर्च्या द्या. आजची सुनावणी आता सुरू होते आहे.”

देवतळे खुर्च्यांच्या शोधात गेले. त्यांच्या कर्तव्यसूचीत त्या होत्या की नाही, हे त्यांनी तपासले नाही.

रांजणे दाराकडे निघाले होते. बनुबाई वाटेत उभी होती. तिच्यापाशी ते थांबले. त्यांचा स्वर एकदम हळवा झाला, वर्गातील मंद विद्यार्थ्याशी बोलताना होतो तसा.

“बनुबाई, मी चोर नाही. तुमच्या भल्यासाठीच केले हो मी.”

बनुबाईने त्यांना डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळले.

“न्हाई सर, तुमी चोर न्हाईच,” ती म्हणाली. “चोराला आमच्या घरात काय हाय, ते तरी म्हाईत असतंय.”